तीन दिवसांचा मेल गेला, खुर्च्या पुरल्या नाहीत: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या खराडीतली आयटी सेवा देणारी कंपनी, माणसं 300. 2021 मध्ये दोनपैकी एक मजला सोडून दिला, त्यामुळे आता खुर्च्या 200. दीड महिन्यापूर्वी सगळ्यांना मेल गेला: सोमवारपासून आठवड्यातले कोणतेही तीन दिवस ऑफिसला यायचं. आज स्थिती अशी, की मंगळवार-बुधवारी बसायला जागा नाही आणि शुक्रवारी ऑफिस ओस. काहीजण कार्ड टेकवतात, चहा पितात आणि तासाभरात घरी जातात. नऊ राजीनामे आलेत. संचालकांचं म्हणणं, हजेरी अप्रेझलला, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाला जोडा आणि न येणाऱ्यांचा पगार कापा. एचआरनं काय करावं?

पगार कापण्याची भाषा आधी थांबवा. घरून पूर्ण दिवस काम केलेल्या माणसाचा त्या दिवसाचा पगार कापला तर प्रकरण कंपनीच्याच अंगाशी येऊ शकतं, आणि वकिलाला न विचारता असा मेल कुणी पाठवूच नये. अप्रेझलला हजेरी जोडली की दुसरी पंचाईत होते: लोक येतात, पण हजेरीपुरते. कार्ड टेकवून निघून जाणाऱ्यांची संख्या त्यातून वाढतेच.

तुमच्याकडची गडबड हट्टी लोकांमुळे झाली असं मला वाटत नाही. ती गणितात आहे, आणि ते गणित मेल पाठवण्याआधी कागदावर मांडलेलं नव्हतं.

300 माणसं गुणिले 3 दिवस म्हणजे आठवड्याला 900 हजेऱ्या. पाच दिवसांत विभागल्या तर रोजच्या 180. रजा, आजारपण धरून साधारण 8 टक्के वजा केले की 166. संचालकांनी हाच आकडा पाहिला असणार: 200 खुर्च्यांत 166 माणसं, चिंता कशाची? पण 'कोणतेही तीन दिवस' म्हटलं की माणसं सरासरीप्रमाणे येत नाहीत. सोमवार प्रवासातून किंवा गावाहून परतण्याचा, शुक्रवार निघण्याचा, म्हणून सगळे मधल्या दिवसांवर तुटून पडतात. 300 पैकी 230-240 जण एकाच बुधवारी आले की 30-40 जण कॅन्टीनच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसतात. दीड तास प्रवास करून आलेल्या माणसाला कॅन्टीनमध्ये बसवलं, की पुढच्या वेळी तो कार्ड टेकवून घरीच जाणार. त्याच्या जागी तुम्हीही तेच कराल.

यावर उपाय म्हणजे दिवस टीमनं ठरवायचे, माणसानं नाही. एकमेकांवर अवलंबून असलेल्या टीम एका गटात घ्या. पहिल्या गटाचे 150 जण सोमवार-मंगळवार, दुसऱ्या गटाचे 150 जण बुधवार-गुरुवार. दोनच दिवस ठेवले तर रोज 150, रजा वजा जाता 138. 200 खुर्च्यांत हे आरामात बसतं. तिसरा दिवस सक्तीचा ठेवून तो कोणता हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं आणि समजा 60 जणांनी शुक्रवार निवडला, तर उरलेले 240 चार दिवसांत वाटले जातात, दर दिवशी 60. म्हणजे सोमवार ते गुरुवार 210, रजा वजा जाता 193. जेमतेम बसतं, पण एखाद्या दिवशी क्लायंटचे लोक आले की पुन्हा कॅन्टीन. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: तीन दिवसांचा आग्रह सोडा, दोन ठरलेल्या दिवसांवर या. तिसरा दिवस ज्याला हवा त्यानं बुकिंग करून यावं, आणि त्यासाठी दर दिवशी 40 पेक्षा जास्त जागा उघडू नका. 'आम्ही माघार घेतली' असं संचालकांना वाटेल. वाटू द्या. रिकाम्या तीन दिवसांपेक्षा भरलेले दोन दिवस बरे.

गट पाडताना आडनावाच्या अक्षरावरून किंवा कर्मचारी क्रमांकावरून पाडू नका. एक टीम पहिल्या गटात आणि तिची टेस्टिंग टीम दुसऱ्या गटात गेली तर दोन्ही गट ऑफिसात येऊन एकमेकांशी व्हिडिओ कॉलवरच बोलणार. गेल्या तीन महिन्यांच्या कॅलेंडरमधून कोणती टीम कोणाशी जास्त मिटिंगा करते ते काढा. आयटीवाला एका दुपारीत हे काढून देतो. टीमच्या पातळीवर काढा, नावानिशी माणसांची कॅलेंडरं चाळू नका.

आता त्या दोन दिवसांत करायचं काय? बहुतेक कंपन्या इथेच घसरतात. ऑफिसला आलेली नऊ जणांची टीम एकाच रांगेत बसते, प्रत्येकाच्या कानात हेडफोन आणि नऊही जण एकाच ऑनलाइन कॉलवर. शेजारचा बोलतो ते आधी हवेतून ऐकू येतं आणि अर्ध्या सेकंदानं हेडफोनमधून. दोघांनी एकदम माइक उघडा ठेवला की आवाज घुमतो, कोणीतरी 'म्यूट करा रे' ओरडतो. ही मिटिंग घरून जास्त चांगली झाली असती हे प्रत्येकाला कळतं.

म्हणून नियम करा. ऑफिसच्या दिवशी टीममधले तीन किंवा अधिक जण हजर असतील तर त्यांनी एका खोलीत, एका माइकवर बसायचं. बाहेरून जोडलेल्याला खोलीतला प्रत्येक चेहरा दिसला पाहिजे आणि फळ्यावर लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. वाचता येत नसेल तर फळ्याचा फोटो लगेच चॅटवर टाकायचा. सकाळी 11 ते दुपारी 4 हे सामाईक तास, बाकी वेळ लवचीक. स्टेटस मिटिंग या पाच तासांत ठेवायची नाही. डिझाइनवर वाद, अडकलेल्या चुकीवर दोघांनी एकत्र बसणं, नव्या माणसाला कोड समजावणं, क्लायंटच्या तक्रारीची चिरफाड, तिमाहीचं नियोजन, ही कामं इथे.

सर्व्हे घेणार असाल तर 'ऑफिसला यायला आवडेल का?' हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. असं विचारा: गेल्या दोन आठवड्यांत कोणतं काम समोरासमोर बसून लवकर उरकलं असतं? आणि कोणतं काम करायला घरीच शांतता लागते? पहिल्या उत्तरांतून ऑफिसच्या दिवसाचं वेळापत्रक तयार होतं. दुसऱ्यांतून किती शांत जागा लागतील ते समजतं.

फोन बूथचा, म्हणजे एकट्यानं कॉल घेण्याच्या छोट्या बंद जागांचा हिशेब वेगळा धरा. 150 माणसांसाठी किमान 10-12 लहान बूथ हवेत. चार-चार जणांच्या मिटिंग रूम एकेकट्या माणसानं कॉलसाठी अडवून ठेवल्या की टीमला बसायला खोली मिळत नाही. खोली बुक करून 10 मिनिटांत कोणी आलं नाही तर बुकिंग आपोआप सुटेल अशी सोय बहुतेक बुकिंग प्रणालींत असते. ती चालू करा.

क्लायंटच्या वेळेचा विचार मेल लिहिताना कोणी केलेला दिसत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे 7, हिवाळ्यात 8. पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे 9 म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. ज्याला रात्री साडेदहाला कॉल आहे त्याला सकाळी साडेनऊला नगर रोडच्या गर्दीत उभं करणं हा वेडेपणा आहे. रात्री साडेआठनंतर कॉल असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरून काम किंवा दुपारी येण्याची मुभा, हे लेखी द्या. महिला कर्मचारी रात्री साडेनऊनंतर ऑफिसात थांबणार असतील तर 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे त्यांची संमती, सुरक्षितता आणि वाहतुकीची व्यवस्था ही तुमची जबाबदारी आहे. लेट कॉलसाठी थांबायला लावून 'कॅब तुम्ही बघा' हे चालत नाही.

प्रवास हा पुण्यात खरा मुद्दा आहे, आणि त्यावर 'सगळेच येतात की' हे उत्तर पुरत नाही. धायरीहून खराडी साधारण 20-22 किलोमीटर, वाकडहूनही तेवढंच किंवा थोडं जास्त. गर्दीच्या वेळी एका बाजूला सव्वा ते दीड तास. दुचाकीचं मायलेज 45 धरलं तर 44 किलोमीटरच्या फेरीला एक लिटर पेट्रोल, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. मोटारीला गर्दीत 12 चं मायलेज मिळालं तर साडेतीन लिटरच्या वर, म्हणजे पावणेचारशेहून अधिक. महिन्याला आठ फेऱ्या केल्या की मोटारवाल्याचे तीन हजारांपेक्षा जास्त गेले. रक्कम फार मोठी नाही, पण ती आतापर्यंत खिशात राहत होती. म्हणून ती पगारकपातीसारखी टोचते.

तेव्हा लोकांना कुठून येता ते विचारा. नाव नको, फक्त पिन कोड, वाहन, लागणारी मिनिटं आणि निघण्याची वेळ. हे कागदावर आलं की तीन-चार ठळक पट्टे दिसतील: कोथरूड-वारजे, सिंहगड रोड-धायरी, वाकड-पिंपळे सौदागर, आणि वाघोली-विमाननगरची जवळची मंडळी. जवळच्यांना वाहतुकीची गरज नाही, त्यांच्यावर पैसे घालू नका.

कोथरूडकरांसाठी मेट्रो आहे. वनाझ ते रामवाडी हा मार्ग नळ स्टॉप, डेक्कन, पुणे स्टेशन, येरवडा, कल्याणीनगर असा येतो. सिंहगड रोडच्या लोकांना स्वारगेटला बसून जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलता येते, कारण सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंतचा भाग सुरू आहे. पिंपरी-चिंचवडकडचे लोकही त्याच स्थानकात बदलतात. अडतं ते रामवाडीला उतरल्यावर. तिथून खराडीतल्या आयटी इमारतींपर्यंतचे सहा-सात किलोमीटर रिक्षानं रोज परवडत नाहीत, आणि सकाळी रिक्षा मिळवणं हेच एक काम होऊन बसतं.

तिथे शटल लावा. 17 आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, रामवाडीहून पहिली फेरी पावणेनऊला. जायला 25 मिनिटं, यायला 25, म्हणजे पुढची फेरी 9:35 ला आणि तिसरी 10:25 ला. एका गाडीतून 51 माणसं, दोन गाड्यांतून 102. दुसरी गाडी पहिलीनंतर 25 मिनिटांनी सोडली की स्थानकावर कोणाला 25 मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागत नाही. संध्याकाळी पाच ते आठ उलट दिशेनं. गाडी शुक्रवारी रिकामी धावणार असेल तर कंत्राट चारच दिवसांचं करा. घरोघरच्या पिकअपपेक्षा हे किती तरी स्वस्त पडतं, आणि मुख्य म्हणजे वेळेचा अंदाज राहतो. शटलची जागा दाखवणारी लिंक ग्रुपवर टाकून ठेवा. गाडी चौकात अडकलीय की निघालीच नाही हे कळलं की माणूस शांत राहतो.

हाच प्रश्न हिंजवडीतून आला असता तर मी उत्तर वेगळं दिलं असतं. तिथे वाहन पुरवण्यापेक्षा वेळ बदलणं जास्त उपयोगी पडतं. शिवाजी चौकातून साडेआठच्या आत जाणारा आणि साडेदहानंतर जाणारा माणूस एकाच रस्त्यावर पूर्ण वेगळा प्रवास करतो.

इमारतीकडे वळू. दोन-तीन वर्षं अर्धवट वापरात असलेल्या मजल्यावर 150 माणसं एकदम बसवली की जे बिघडतं ते जवळजवळ ठरलेलं आहे. न वापरलेल्या स्वच्छतागृहांत नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखाली साठून वास अडवणारं) पाणी सुकतं, आणि ड्रेनेजचा वास थेट मजल्यावर येतो. उपाय साधा, आठवड्यातून दोनदा प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी. यूपीएसच्या सीलबंद बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं टिकतात. तुमच्या कोविडपूर्व असतील तर लाइट गेल्यावर जनरेटर उचलेपर्यंतसुद्धा त्या तग धरणार नाहीत. माणसं येण्याआधी शनिवारी पूर्ण लोड टाकून तपासा. फॉल्स सीलिंगमध्ये उंदरांनी नेटवर्कच्या केबल कुरतडलेल्या असतात, म्हणून प्रत्येक डेस्कचा पोर्ट लॅपटॉप लावून बघा, 'चालू आहेत' या तोंडी उत्तरावर विश्वास ठेवू नका. एसीचे फिल्टर, पाण्याच्या प्युरिफायरचे फिल्टर, अग्निशामक सिलिंडरवरची पुढच्या रिफिलची तारीख, खुर्च्यांचे बसलेले गॅस लिफ्ट (उंची कमी-जास्त करणारे दांडे) हे सगळं एका फेरीत होतं. घरी दोन मॉनिटर लावून काम करणाऱ्याला ऑफिसात एकच छोटा स्क्रीन मिळाला तर त्याचा दिवस तिथेच फुकट गेला.

पुण्यात गुरुवारी पाण्याचा आणि विजेचा एकदा विचार करावा लागतो, देखभालीची कामं बहुधा याच दिवशी निघतात. इमारतीच्या टाकीची क्षमता पूर्ण हजेरीला पुरते का, हे सोसायटीच्या मॅनेजरला बुधवारी विचारा, गुरुवारी दुपारी नको.

कॅन्टीनवाल्याचं गणितही समजून घ्या. त्याला किमान थाळ्यांची हमी लागते. मंगळवारी 220 आणि शुक्रवारी 35 अशी मागणी असली की शुक्रवारचं अन्न वाया जातं, मग तो भाजीत पाणी वाढवतो, आणि दोन महिन्यांनी कंत्राट सोडतो. आदल्या दिवशी पाचपर्यंत बुकिंगचा आकडा त्याला गेला पाहिजे. बुधवारी मिसळ ठेवली म्हणून कोणी बाणेरहून खराडीला येत नाही, पण आल्यावर जेवण धड नसेल तर ते मात्र आठवडाभर लक्षात राहतं.

बाहेरगावी गेलेल्यांना वेगळं काढा. सातारा 110 किलोमीटर, नाशिक 210, कोल्हापूर 230, सोलापूर 250. या लोकांना आठवड्याला दोन दिवस म्हणणं म्हणजे राजीनामा दे म्हणणं. त्यांना महिन्यातून एक सलग आठवडा द्या, आणि तोच आठवडा त्यांच्या टीमच्या नियोजनाचा ठेवा. ऑफिसजवळ तीन खोल्यांचा फ्लॅट कंपनीनं भाड्यानं घेतला तर पाळीपाळीनं महिन्यात वीस-बावीस जण राहू शकतात. ज्यांना कायमचं परतायचंय त्यांना किमान 90 दिवस द्या. पुण्यात घर 11 महिन्यांच्या करारावर मिळतं, डिपॉझिट आणि दलाली एकदम द्यावी लागते, आणि मुलांच्या शाळा राज्य मंडळाच्या असतील तर जूनशिवाय बदलत नाहीत. डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल देऊन पगारातून सहा-आठ हप्त्यांत वळती करून घेतली तर हा अडथळा बराच कमी होतो.

नियुक्तिपत्रं बाहेर काढा. 2020 ते 2022 मध्ये भरती झालेल्या काहींच्या पत्रात कामाचं ठिकाण 'घरून' असं लिहिलेलं असेल. तिथे मेल पुरत नाही, संमतीनं सुधारित पत्र लागतं. लहान मुलांच्या आयांबाबत दोन गोष्टी: 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं लागतं. तुम्ही 300 आहात. शेजारच्या पाळणाघराशी करार असेल तर त्याची बंद होण्याची वेळ आणि तुमच्या मिटिंगांची वेळ जुळते का ते बघा. सातला पाळणाघर बंद आणि साडेसहाला आढावा बैठक, हे रोज घडतं.

सवलतींचे अर्ज मॅनेजरच्या मर्जीवर सोडू नका. 'त्याला सूट, मला का नाही' यानं जितकी माणसं दुखावतात तितकी मूळ नियमानं दुखावत नाहीत. आजारपण, घरातल्या माणसाची शुश्रूषा, अंतर आणि कामाचं स्वरूप असे चार प्रकार ठेवा. तीन जणांच्या समितीनं दहा कामकाजी दिवसांत लेखी उत्तर द्यावं, सवलतीची मुदत सहा महिने. तपशील, विशेषतः आजाराचा, मॅनेजरपर्यंत जाऊ नये. त्याला फक्त 'मंजूर, अमुक तारखेपर्यंत' एवढंच कळावं.

मॅनेजर आणि संचालक दोन आठवडे आधी येऊ लागले पाहिजेत, आणि केबिनमध्ये बसायला नव्हे. नवीन भरतीची मुलं, विमाननगर-वाकडला चौघांत फ्लॅट करून राहणारी, ती येतातच. त्यांना ऑफिस हवं असतं. पण त्यांना शिकवणारा सीनियर घरी बसलेला असेल तर ती पोरं रिकाम्या रांगेत बसून चॅटवरच शंका विचारतात. प्रत्येक नव्या माणसामागे एका सीनियरचा दिवस त्याच्याच दिवसाशी जुळवा. एवढं एक जरी केलंत तरी फरक दिसेल.

मोजायचं काय? कार्डाची एकूण संख्या महिनाअखेरीला संचालकांना दाखवायला ठीक, पण निर्णय तीवर घेऊ नका. टीमच्या ठरलेल्या दिवशी, 11 ते 4 मध्ये, टीमपैकी किती जण एकत्र होते ते बघा. नऊपैकी सात असले तर उत्तम. चार असतील तर आधी त्या टीमच्या मॅनेजरशी बोला, त्या पाच जणांशी नाही.

वेळापत्रक साधारण 12 आठवड्यांचं धरा. पहिले दोन पिन कोड आणि प्रश्नावलीला, पुढचे दोन खुर्च्या, बूथ आणि शटलच्या चाचणीला, मग फक्त मॅनेजर, सातव्या आठवड्यापासून पहिला गट, नवव्यापासून दुसरा. सुरुवात पावसाळ्यात नको, पालख्या शहरात असतात त्या दिवसांत नको आणि गणपतीतही नको. दिवाळीनंतरचा दुसरा आठवडा किंवा जानेवारी सर्वांत सोयीचा.

आधीचा मेल मात्र याच आठवड्यात मागे घ्या. नव्या मेलमध्ये चार गोष्टी असू द्या: आधीच्या पद्धतीत जागेचं नियोजन चुकलं याची सरळ कबुली, तुमच्या टीमचे दोन दिवस कोणते, ते कधीपासून, आणि सवलत मागायची कुठे. 'संस्कृती', 'ऊर्जा' वगैरे शब्द गाळा, तो परिच्छेद कोणी वाचत नाही.

राहिले नऊ राजीनामे. नोटीस 60-90 दिवसांची असते, म्हणजे यातले बहुतेक जण अजून तुमच्याकडेच आहेत, आणि तुमच्या मेलमुळे मुलाखती देऊ लागलेल्यांचे राजीनामे अजून यायचेत. या नऊ जणांशी त्यांच्या मॅनेजरऐवजी एचआरनं प्रत्येकी अर्धा तास बोलावं आणि नवी मांडणी त्यांना इतरांच्या आधी दाखवावी. ज्यानं पगारासाठी दुसरी ऑफर घेतली तो थांबणार नाही. जो दीड तास प्रवास करून कॅन्टीनच्या टेबलावर बसला होता, त्याच्याशी बोलायला अजून वेळ आहे.